देव न धरणारे झाड

ज्या माणसाविषयी हे लिहीत आहे, त्यांचे नाव देत नाही. ते आता नाहीत आणि घरच्यांची काही हरकत नाही. तरीही देत नाही. शहराचेही देत नाही. जळगाव आणि धुळे यांपैकी एक, एवढे पुरे. जळगावच्या वाचकाने पिंप्राळा डोळ्यांसमोर आणावा, धुळ्याच्या वाचकाने देवपूर. तपशिलात फारसा फरक पडणार नाही. कारण साधे आहे. एक भूखंड अजून मोकळा आहे आणि तो मोकळा राहावा अशी माझी इच्छा आहे. बातमीदाराने बातमीच्या विषयाबाबत इच्छा बाळगू नये, असे आम्हाला शिकवले होते. हा अपवाद सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

ते महापालिकेत उद्यान अधीक्षक होते आणि मी महापालिकेच्या बातम्या देत असे. उद्यान विभाग मुख्य इमारतीत नव्हता. मागच्या अंगाला, जिथे अग्निशमनाचे बंब धुतात, तिथे पत्र्याच्या एका खोलीत तो होता. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट आणि भिंतीवर शहराचा मोठा नकाशा. शहराला झाडे पुरवणाऱ्या या खोलीच्या दारात एकही झाड नव्हते. त्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "इथे बंब वळतो. झाड लावलं तर पहिलं भांडण आग विझवणाऱ्यांशीच."

विभागाचा इतिहास ते कुणालाही, न विचारता, उभ्या उभ्या सांगत.

"पूर्वी नगरपालिका होती. कचऱ्याच्या गाड्यांना बैल होते. बैलांना गवत लागायचं, म्हणून गावाबाहेर कुरण राखलं होतं. कुरणाला राखणदार. मग ट्रॅक्टर आले, बैल विकले. गवत उरलं, राखणदार उरला. त्याला काढता येईना, म्हणून गवतात दोन बाकडी टाकली आणि त्याला माळी म्हणायला लागले. झाला उद्यान विभाग."

मी पुढे जुनी कागदपत्रे चाळली. बैल विकल्याचा ठराव सापडला. बाग सुरू केल्याचा ठराव सापडला नाही.

नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हा विभागाला अधीक्षक मिळाला, म्हणजे हे. कृषी पदवीधर, मूळचे एरंडोलकडचे, दर संकष्टीला न चुकता पद्मालयाच्या गणपतीला जाणारे. विभागाचे काम कागदोपत्री उद्याने व क्रीडांगणे राखणे हे होते. प्रत्यक्षात मुख्य काम कुंड्या हलवण्याचे. मंत्री आले, पुतळ्याचे अनावरण झाले, पाण्याच्या टाकीचे भूमिपूजन झाले, की विभागाच्या टेम्पोतून त्याच कुंड्या व्यासपीठासमोर जात आणि भाषणे संपली की परत येत. फैजपूरहून केळीचे खांब मागवून कमानीला बांधणे हेही याच विभागाकडे. अधीक्षकांना प्रत्येक कुंडी ओळखीची होती. एका कडा फुटलेल्या कुंडीतल्या क्रोटनकडे बोट दाखवून ते एकदा मला म्हणाले, "याच्याशी आदरानं वागा. यानं तीन मुख्यमंत्र्यांना जवळून ऐकलंय. तरी जगलाय."

बागा पाहायला ते दुपारी तीनला जात. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी तीन वाजता जिवंत माणूस रस्त्यावर दिसणे ही बातमी असते. हे डोक्याला ओला रुमाल गुंडाळून स्कूटरवर निघत, खिशात एक लांबट वही. सकाळी कुठलीही बाग चांगलीच दिसते, असे त्यांचे म्हणणे. बाग तीनला पाहायची. वहीत नोंदी असत: 'कारंज्याजवळ — ऊन, कोणी नाही. नळाजवळ — सावली, तीन माणसे, एक शेळी.' वार्षिक अहवालात महापालिका बागांचे क्षेत्रफळ, झोके आणि कारंजी मोजत असे. हे झोपलेली माणसे मोजत. "ज्या बागेत तीन वाजता माणूस झोपलेला सापडतो, ती बाग चालू," असे ते म्हणत. "बाकीच्या बंद. कुलूप असो नसो." त्यांच्या हिशेबाने शहरातील बहुतेक उद्घाटन झालेल्या बागा बंद होत्या आणि बसस्थानकामागचा एक चिंचेखालचा उकिरडा चालू होता.

मात्र त्यांचे खरे वेड बागा हे नव्हते. ओपन स्पेस हे होते.

आमच्या शहरात हा शब्द शाळकरी मुलालाही कळतो. शेत बिनशेती करून प्लॉट पाडले की काही जागा सार्वजनिक वापरासाठी मोकळी सोडावी लागते. कॉलनी वसते, घरे होतात आणि ती जागा मोकळी राहत नाही. कशी राहत नाही, याचा अधीक्षकांनी अभ्यास केला होता आणि ते तो पिकाच्या अवस्था सांगाव्यात तसा सांगत. आधी दगड. मग शेंदूर. मग कट्टा. मग चार खांबांवर पत्रे. पत्र्यांखाली सप्ताह. सप्ताहाच्या वर्गणीतून सभामंडप. सभामंडपात लग्ने. शेवटी रस्त्याकडच्या अंगाला गाळे. "बियाणं एकच," ते म्हणत, "पण पीक हमखास."

हे ऐकून कुणी त्यांना नास्तिक म्हटले की ते चिडत. "मी दर संकष्टीला उपाशी असतो. देव कधी जागा मागत नाही हो. जागा माणूस मागतो आणि अर्जदार म्हणून देवाचं नाव टाकतो."

नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका ओपन स्पेसमध्ये वड लावला होता. तिसऱ्या वटपौर्णिमेला त्याला कट्टा झाला. दुसरीकडे उंबर लावला, तिथे दत्त आले. पिंपळाखाली मारुती, बेलाखाली पिंड, कडुनिंबाखाली देवी. पाच जागा गेल्यावर त्यांनी झाडांची एक नवीनच वर्गवारी केली. वनस्पतिशास्त्रात ती नाही. देव धरणारी झाडे आणि देव न धरणारी झाडे. यानंतर रोपवाटिकेत त्यांनी फक्त दुसऱ्या प्रकारची रोपे ठेवली: काशिद, पेल्टोफोरम, आणि सगळ्यांत लाडका रेन ट्री, ज्याला काही जण विलायती शिरीष म्हणतात. विशाल छत्रीसारखा वाढतो, पहिल्या दहा वर्षांत अंगणभर सावली देतो आणि कुठल्याही पोथीत त्याचे नाव नाही.

महाविद्यालयातल्या एका निसर्गप्रेमी प्राध्यापकांनी याविरुद्ध आमच्याकडे पत्र पाठवले: महापालिका विदेशी झाडे लावून स्थानिक जैवविविधता संपवत आहे. पत्र छापले. मुद्दा बरोबरच होता. अधीक्षकांची प्रतिक्रिया घ्यायला गेलो तर म्हणाले, "छापू नका, पण लिहून घ्या. देशी झाडाखाली देशी देव येतो. विदेशी झाडाखाली नुसती माणसं बसतात."

त्यांचा हाताखालचा माणूस एकच, रोपवाटिकेचा माळी. सगळे त्याला चाचा म्हणत. चाचा वयाने अधीक्षकांपेक्षा मोठा, उंच, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा. रोपवाटिकेचे लोखंडी फाटक वाऱ्याने आपटायचे, म्हणून चाचाने त्याला एक दगड लावून ठेवला होता. मोठ्या भोपळ्याएवढा, काळा, गुळगुळीत, साखळी घासून घासून कडेला खाच पडलेला. रोपवाटिकेत गेलो की त्या दगडावर पाय ठेवून मी बुटाची नाडी बांधत असे. हा तपशील पुढे लागणार आहे.

पिंप्राळ्यासारख्या एका वस्तीतील ओपन स्पेसमध्ये, बरोबर मध्यभागी, अधीक्षकांनी असा एक रेन ट्री लावला होता. जिथे कुणीही सभागृहाचे जोते आखेल, नेमके तिथे. दहा-बारा वर्षांत त्याने अर्धा भूखंड झाकला. दुपारी त्याखाली रिक्षावाले झोपत, बायका नागलीचे पापड लाटत, म्हातारे पत्ते खेळत. तीनच्या वहीत या जागेची नोंद सर्वांत लांब असे. विभागाच्या यादीत ती बाग नव्हती, कारण तिथे झोका नव्हता.

मग प्रभागाच्या नगरसेवकांनी तिथे सभागृह मंजूर करून आणले. वय पन्नाशीच्या आत, पण सगळे त्यांना आबा म्हणत. आबा वाईट माणूस नव्हते आणि त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. मला म्हणाले, "पत्रकार साहेब, इथल्या पोरींची हळद रस्त्यावर मांडव घालून होते. कुणाचं दहावं असो, बारसं असो, लोक मंगल कार्यालयात जाऊ शकत नाहीत. यांना एक हॉल देतोय, तर एका झाडासाठी किती चर्चा!"

वृक्ष समितीने झाड तोडायला एका बैठकीत परवानगी दिली. बदल्यात इतरत्र रोपे लावण्याची अट घातली. परवानगीच्या आदेशावर सही उद्यान अधीक्षकांची लागत होती. मला वाटले, ते सही करणार नाहीत आणि मला बातमी मिळेल. गेलो, तेव्हा सही झालेली होती. शाई वाळायची होती.

"तुम्ही सही केलीत?"

"समितीनं ठरवलं. माझी सही हा पोस्टाचा शिक्का आहे."

"आणि झाड?"

"झाड ठेवणं माझं काम आहे. सही करणं माझी नोकरी आहे. दोन्ही एकच आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते नकाशाकडे पाहत बसले. नकाशावर मोकळ्या जागा त्यांनी हिरव्या पेन्सिलीने रंगवल्या होत्या आणि गेलेल्या जागा खोडरबराने पुसल्या होत्या. पुसलेले डाग हिरव्यापेक्षा जास्त होते.

ठेकेदाराने भूखंडाला चहूबाजूंनी पत्रे ठोकले. रिक्षावाले, पापडवाल्या, पत्तेवाले बाहेर गेले. गुरुवारी सकाळी करवत चालणार होती. बुधवारी संध्याकाळी कॉलनीत बातमी फुटली: झाडाच्या बुंध्याशी देव निघाला.

लपून करायचे काम लोक इतरत्र रात्री करत असतील. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री अख्खी वस्ती गच्चीवर आणि ओट्यावर असते. मांजर रस्ता ओलांडून गेले तरी चार जण पाहतात. आमच्याकडे अशा कामाची वेळ मे महिन्यातील दुपारचे तीन. त्या दिवशीही तीनला रस्त्यावर कुणी नव्हते. ठेकेदाराचा राखणदार समोरच्या घराच्या जिन्याखाली कूलरसमोर झोपला होता.

साडेपाचला मी पोहोचलो तेव्हा गर्दी जमली होती. पत्र्याची एक बाजू लोकांनीच काढली होती. बुंध्याशी काळा दगड होता, लालसर रंगाने माखलेला, समोर दोन जास्वंदीची फुले. मोठ्या भोपळ्याएवढा. कडेला खाच. मी माझ्या बुटांकडे पाहिले आणि ते काढून बाहेर ठेवले.

तिथून रोपवाटिकेत गेलो. फाटक वाऱ्याने आपटत होते. चाचा ते सुतळीने खांबाला बांधत होता.

"चाचा, दगड कुठे गेला?"

"कौनसा दगड?" चाचाने गाठ मारली. मग म्हणाला, "साहेबांनी सांगितलं, आण. आणून दिला. रंग त्यांनी लावला. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही करा, माझा हात नको."

अधीक्षक आत टेबलाशी बसून रोपांची यादी करत होते. नखांत लाल रंग होता. मी नखांकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिले.

"गेरू," ते म्हणाले. "झाडांच्या बुंध्यांना लावतो. चुना आणि गेरू. विभागाचं काम आहे."

ते खोटे बोलत नव्हते. तो खरोखरच गेरू होता. बाजारात शेंदूर घ्यायला गेले असते तर दुकानदाराने विचारले असते, साहेब, काय विशेष. म्हणून त्यांनी विभागाच्या डब्यातला गेरू तेलात कालवला होता. आयुष्यभर शेंदराविरुद्ध लढलेल्या माणसाला शेंदूर आणि गेरू यांतला फरक नीट माहीत नव्हता.

तो फरक माहीत असलेली एक बाई कॉलनीत होती. तिला अक्का म्हणत. अमळनेरकडच्या खेड्यातून आलेली, साठीची, पापड लाटणाऱ्यांची म्होरकी. दुसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षक 'पाहणीसाठी' गेले, तेव्हा मी बरोबर होतो. अक्का दगडासमोर उकिडवी बसली होती. तिने बोट लावून पाहिले, बोट नाकाशी नेले.

"भाऊ, हाऊ देव कधी उना?"

"काल सापडला म्हणतात," अधीक्षक म्हणाले.

"आनि देवले कोनी गेरू लावस का?"

अधीक्षकांनी झाडाच्या शेंड्याकडे पाहिले. अक्काने त्यांच्याकडे, मग त्यांच्या हातांकडे पाहिले. ती घरी गेली आणि शेंदूर, तेलाची वाटी घेऊन आली. पदराने दगड पुसून तिने त्याला नीट शेंदूर लावला. त्या दिवशी करवत चालली नाही.

हा विजय तीन आठवडे टिकला. चौथ्या आठवड्यात आबांनी जाहीर केले की देव प्रकट झाला आहे, तर सभागृहाऐवजी सभामंडप बांधू. नकाशा तोच, खांब तेवढेच, नाव बदलले. झाडाचे काय, तर फांद्या छाटाव्या लागतील; बुंधा मंडपाच्या आत येईल, देवाच्या मागे शोभून दिसेल. अधीक्षकांनी जी अवस्थांची साखळी वर्षानुवर्षे सगळ्यांना ऐकवली होती, तिचा पहिला टप्पा त्यांनी स्वतःच्या हाताने, विभागाच्या रंगाने पार पाडला होता. या सुमारास ते मला रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "मी माझ्या बागेत गाजरगवत लावलं."

भूमिपूजनाला नेहमीप्रमाणे उद्यान विभागाच्या कुंड्या गेल्या. कुंड्यांबरोबर अधीक्षक. आबांनी भाषणात मंडप कसा होईल ते सांगितले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आबांनी औदार्याने म्हटले, "साहेबांनी हे झाड लावलं. साहेब, दोन शब्द बोला."

उद्यान अधीक्षकाला कुणी बोलायला सांगितल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते. ते कुंड्यांच्या रांगेतून पुढे आले. ध्वनिक्षेपक हातात घेतला नाही.

"या देवाला छप्पर चालत नाही," ते म्हणाले.

टाळ्या थांबल्या. आबा हसत म्हणाले, "कोण म्हणतं साहेब?"

"जुने लोक."

"कुठले जुने लोक? देव निघून महिना नाही झाला."

अधीक्षकांनी डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. समोर कुदळ हळदकुंकू लावून तयार होती. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून अक्का उठली.

"खरं शे ते," ती म्हणाली. "मन्हा माहेरले बी असाच देव शे. दोनदा पत्रा टाकात, दोन्ही खेपले वावधनमा उडी ग्यात. दुसरी खेपले पत्रा टाकनारानी म्हैस बी मरी गई."

म्हैस ही भर मोलाची ठरली. वादळात पत्रे उडणे आमच्याकडे दरवर्षीचे आहे. म्हैस मरणे वेगळे. कुदळीजवळ उभा असलेला ठेकेदार एक पाऊल मागे सरला. त्याच्या घरी दोन म्हशी होत्या. आबांनी गर्दीकडे पाहिले, निवडणूक लांब नव्हती, आणि म्हणाले, "देवाची इच्छा नसेल तर आपण कोण?"

बातमी मी दिली. त्यात एक वाक्य होते: 'या देवाला छप्पर चालत नाही, असे जुने जाणकार सांगतात.' वार्ताहरांच्या भाषेत 'जाणकार सांगतात' याला पुरावा लागत नाही. जुने जाणकार दोन होते. एकाने गोष्ट रचली होती आणि दुसरीने ती सुधारली होती. दगड कुठून आला हे मला ठाऊक होते. मुख्य उपसंपादकाने विचारले असते तर मी सांगितले असते. त्याने विचारले नाही; त्याने मथळा दिला. ते कात्रण कुणीतरी प्लास्टिकमध्ये घालून झाडावर ठोकले.

अधीक्षकांनी ते दुसऱ्या दिवशी काढले. "या देवाला झाडावर खिळा चालत नाही," असे त्यांनी सांगितले. कात्रण सुतळीने बांधण्यात आले.

इथून पुढे त्यांच्या कारकिर्दीचा उत्तम काळ सुरू झाला. उद्यान विभागाची नियमावली जुनी होती. फुले तोडू नयेत, कचरा टाकू नये, झाडांना इजा करू नये: असे फलक शहरातल्या प्रत्येक बागेत होते आणि प्रत्येक फलकाखाली कचरा होता. आता तीच नियमावली त्यांनी हळूहळू, एकेक करून, देवाच्या नावडीत घातली. देवाला बुंध्याशी सिमेंट चालत नाही. मुळे गुदमरतात, असे ते म्हणत नसत, देव गुदमरतो म्हणत. देवाला प्लास्टिक चालत नाही. परीक्षेच्या दिवसांत भोंगा चालत नाही. नारळ चालतो, पण प्रत्येकाने तांब्याभर पाणी आणून बुंध्याशी घालायचे, उन्हाळ्यात रोज. जे फलकाला चाळीस वर्षांत जमले नव्हते ते देवाला एका श्रावणात जमले. ते मला एकदा म्हणाले, "विभागाला अधिकार होते, पण भीती नव्हती कुणाला. ह्यांना अधिकार काही नाहीत." 'ह्यांना' म्हणताना त्यांनी दगडाकडे हनुवटीने खूण केली. त्या सर्वनामात तेव्हा आदर होता की थट्टा, मला सांगता येणार नाही.

ते निवृत्त झाले, आणि गोष्ट त्यांच्या अंगावर उलटली असे वाटण्याजोगे काहीतरी घडले. पूजेविना पडलेला दगड पुन्हा दगड होतो. मग पत्रे परत येतात. म्हणून ते रोज सकाळी जाऊन झाडलोट करू लागले, पाणी घालू लागले, अमावास्येला दिवा लावू लागले. लोक म्हणू लागले, साहेब निवृत्तीनंतर भक्तिमार्गाला लागले. कॉलनीने मंडळ काढले आणि त्यांना अध्यक्ष केले. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत विषय एकच: छप्पर नको. नवीन भाडेकरू आले की कुणीतरी पत्र्याचा विषय काढी आणि अध्यक्ष त्यांना अक्काच्या माहेरची म्हैस सांगत. पुढे पुढे म्हशी दोन झाल्या.

मी एकदा सकाळी गेलो तेव्हा ते बुंध्याशी हात जोडून उभे होते. आसपास कुणी नव्हते. मी पाच मिनिटे थांबलो; ते तसेच होते.

"कुणी पाहत नाहीये, साहेब," मी म्हटले.

"तुम्ही पाहताय ना," ते म्हणाले. डोळे उघडले नाहीत.

गेल्या वर्षी, उन्हाळ्यातच, ते गेले. शोकसभा त्या झाडाखाली ठरली. वेळ अक्काने ठरवली, दुपारी तीन. ती आता ऐंशीकडे झुकली आहे. इतक्या उन्हात कोण येईल, असे कुणीतरी म्हटले. बरेच आले. चाचा आला, नातवाचा हात धरून, आणि दगडापासून थोड्या अंतरावर खाली बसला.

अडीचच्या सुमारास आबांनी पाठवलेला मंडपवाला छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. बांबू, कापड, दोर. मान्यवर येणार, म्हणून मंडप. त्याने पहिला बांबू खाली घेतला तेव्हा अक्का काठी टेकत पुढे आली.

"उचल तुन्हा बांबू. आठे छप्पर चालत नही."

"अक्का, कापडच आहे. दोन तासांचं काम."

"कापड बी नही. म्हैस शे का तुन्ही?"

मंडपवाल्याने बांबू परत टाकला. एवढ्यात आबा आले. केस पांढरे झालेले. आता खरोखर आबा दिसतात. चप्पल बाहेर काढून ते आत आले, मंडपवाल्याला म्हणाले, "अक्का म्हणते ना? मग झालं." मग मला पाहून जवळ आले. "पत्रकार साहेब, उद्या काय लिहिणार?"

"शोकसभा झाली, एवढंच."

"तेव्हा लिहिलं होतं तेही परत लिहा. जुने जाणकार सांगतात ते. नवीन आयुक्त आलेत, त्यांच्या वाचनात यायला हवं." ते पुढच्या रांगेत जाऊन बसले.

मी अक्काजवळ बसलो. इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला: माहेरच्या त्या देवाचे पत्रे खरेच उडाले होते का?

अक्का बराच वेळ हसली. "मन्हा माहेरले तवय पत्राच नही व्हतात. बठ्ठा मातीना धाबाना घरं."

"मग तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"मी काय आंधळी शे का? गेरू व्हता तो."

"अजून कुणाला माहीत आहे?"

तिने काठीने समोरचे सगळे दाखवले. पहिल्या रांगेतले आबा, त्यांच्यामागे पापडवाल्या, रिक्षावाले, मंडळाचे पदाधिकारी, दूर बसलेला चाचा.

"बठ्ठासले," ती म्हणाली.

मग सभा सुरू झाली. भाषणे नेहमीची होती. उद्यान विभागाने कुंड्या पाठवल्या होत्या. कडा फुटलेली कुंडीही होती, तिच्यातला क्रोटन मात्र नवा. मी घड्याळ पाहिले. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. सावली भूखंडाच्या पूर्वेच्या कुंपणापर्यंत होती आणि सगळे तीत मावले होते. कडेला, छोट्या हत्तीच्या चाकाशी, मंडपवाला आपल्या कापडाच्या गठ्ठ्यावर डोके ठेवून गाढ झोपला होता.

बाग चालू होती.